सोबत जोडलेली नाही

सोपी वाट सोमवारपासून दीड वर्ष बंद राहणार, कारण ती आणखी सोपी करायची आहे, अशी चार ओळींची बातमी लेकीनं गुरुवारी सकाळी वाचली. सवयीनं आधी तिच्यातली चूक दुरुस्त केली. ‘सुलभिकरण’ असं छापलं होतं, त्यातली ‘भि’ पेन्सिलनं दीर्घ केली. मग बातमी पुन्हा वाचली आणि चहा तसाच ठेवून उभी राहिली.

लेक म्हणजे काही लहान नव्हे. सत्तेचाळीस पूर्ण. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा तिचा धंदा. दुसऱ्याच्या चुका शोधून आयुष्य काढलेल्या माणसाला आपली चूक चटकन सापडत नाही, आणि सापडली की दुरुस्तीची मुदत टळून गेलेली असते. हे तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग काय, तेवढं ठाऊक नव्हतं.

शहराबाहेर, शेवटच्या बसथांब्यापासून दहा मिनिटांवर, एक जुनं जंगल आहे. जुनं म्हणजे कुणी न लावलेलं आणि कुणी न तोडलेलं. आजूबाजूचं सगळं तोडून झाल्यावर लोकांना त्याचा अभिमान वाटू लागला, म्हणून ते राहिलं. त्यात वनखात्यानं एक वाट आखली आहे. लांबी अडीच किलोमीटर, वेळ दीड तास, ‘लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांसाठी योग्य’. पाटीवर नावच ‘सोपी वाट’. वडील निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं दर रविवारी या वाटेनं जात आणि दर शनिवारी संध्याकाळी लेकीला फोन करत.

“उद्या येतेस का? अगदी सोपी आहे गं.”

“पुढच्या रविवारी नक्की, बाबा.”

वर्षाला बावन्न पुढचे रविवार. सात आठवड्यांपूर्वी दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता वडील गेले. नंबर सोळा. सोळा पुकारल्यावर कुणी उठलं नाही, म्हणून सतरा नंबरला आत घेतलं. त्याची दाढ काढून झाली, तो गालावर हात धरून बाहेर आला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

तर आता उरला एकच रविवार. जाऊन यायचं, लेकीनं ठरवलं. एकटीनं, गाजावाजा न करता, दीड तासात. एवढं एक काम तरी तिला मुदतीत करायचं होतं.

तिनं आईला फोन केला. ही पहिली चूक.

“रविवारी मी त्या जंगलात जाऊन येईन म्हणते.”

“आता?” आई म्हणाली.

मराठीत ‘आता’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे. आईनं त्यात अकरा वर्षं बसवली.

“बंद होतेय ना वाट सोमवारपासून,” लेक म्हणाली.

“मीही येणार.”

“आई, तुझा गुडघा...”

“सोपी आहे ना वाट? अकरा वर्षं ऐकत आलेय. मला एकदा बघायचंय, घरात नव्हतं असं काय होतं तिथं.”

आईनं ही गोष्ट जिन्यात मेजरना सांगितली. ही दुसरी चूक, आणि ती लेकीची नव्हती. खालच्या मजल्यावरचे मेजर सैन्यात कधीच नव्हते. इमारतीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून ते मेजर. शुक्रवारी सकाळी लेक आईकडे पोचली, तर ते कोचावर नकाशा पसरून बसले होते. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. जंगलात ते कधीही गेलेले नव्हते, त्यामुळे हात मोकळा होता.

“जंगल म्हणजे बाग नव्हे, पोरी. दोरी लागेल.”

“मेजरकाका, वाट आहे तिथं. कठडासुद्धा आहे.”

“कठडे पडतात.” त्यांनी पायाशी ठेवलेली पाठपिशवी उघडली. दोरी, दोन विजेऱ्या, मलमपट्टीचं सामान, जळवांसाठी मीठ, घडीचं स्टूल, पाण्याच्या चार बाटल्या, प्लास्टिकचं मोठं कापड. “हे कापड कशाला?” असं लेकीनं विचारलं, तेव्हा मेजरनी सूचक नजरेनं आईच्या उंचीकडे पाहून घेतलं. मग त्यांनी एक शिट्टी काढून आईच्या हाती दिली. “वहिनी, ही गळ्यात. एकदा वाजवली की ‘मी इथं आहे’. दोनदा म्हणजे ‘थांबा’. तीनदा म्हणजे संकट.”

“आणि चारदा?” आईनं विचारलं.

“चारदा वाजवायची वेळच येत नाही.” मेजर गंभीरपणे म्हणाले. “आता तुमच्या यजमानांचंच बघा ना. नुसती टोपी घालून जायचे. काठी नाही, काही नाही. म्हणून तर शेवटी...”

“ते दाताच्या डॉक्टरकडे गेले, मेजर,” आई म्हणाली.

“तेच म्हणतो मी,” मेजर म्हणाले. “तयारी पाहिजे.”

वाट बंद व्हायची म्हणून गर्दी उसळेल, या अंदाजानं शेवटच्या रविवारासाठी लेखी परवानगी सक्तीची ठेवली होती. वनखात्याची कचेरी शहराच्या मधोमध होती आणि आसपास एकही झाड नव्हतं. जिना चढून गेल्यावर लांबलचक खोली, टेबलांची रांग, आणि ‘परवानगी’ अशी पाटी असलेल्या टेबलामागे एक कारकून. त्याच्या पेनस्टँडमध्ये एकच पेन होतं आणि ते सुतळीनं टेबलाला बांधलं होतं.

अर्ज चार पानी होता. लेकीनं तो भरता भरता सहा चुका दुरुस्त केल्या. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, एक रकाना होता. त्यावर फक्त ‘सोबत’ एवढं लिहिलेलं होतं. लेकीनं तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘आई’.

कारकुनानं अर्ज वाचला. मग उलटून पाहिला. मग टाचणी काढून पानं सुटी केली, मोजली आणि परत लावली.

“आई दिसत नाही,” तो म्हणाला.

“घरी आहे ती.”

“मग सोबत कशी?”

“रविवारी असेल ना.”

“बाई, अर्ज आजचा आहे. सोबत जे लिहिलंय ते आज पाहिजे.”

लेकीला आत्ता उमगलं. “म्हणजे सोबत जोडलेली कागदपत्रं होय? मला वाटलं, बरोबर येणारं माणूस.”

“सोबत म्हणजे कागद. माणूस म्हणजे सहव्यक्ती. रकाना सात.” कारकुनानं बोट ठेवलं. “आई जोडायची नसते. आईचं नाव लिहायचं असतं.”

“तिथं ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’ असं पूर्ण छापलंत तर...”

“सगळ्यांना कळतं,” कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावण्याइतकी तिची दखल त्यानं घेतलेली नव्हती. “पालकाची सही राहिली.”

“कुणाच्या पालकाची?”

“तुमच्या.”

“मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.”

“हा अर्ज शाळेच्या सहलींचा आहे. मोठ्यांचे संपले. पण अर्ज म्हटला की पूर्ण भरावा लागतो.”

“मग आई करेल सही.”

“आई सहव्यक्ती आहे. ती स्वतःच जाणार म्हटल्यावर मागं जबाबदार कोण? वडील नाहीत का?”

“नाहीत.”

“बाहेरगावी?”

“वारले,” लेक म्हणाली.

“मग दाखला जोडा. पालक हयात नसल्याचा. सत्यप्रत.”

दाखला घरी होता. बसनं घरी, दाखला घेऊन प्रतीच्या दुकानात, तिथून शिक्का मारणाऱ्याकडे. शिक्का मारणारा जेवायला गेलेला. तिथं बाकावर लेक पाऊण तास बसली. मांडीवरचा कागद वाचायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण डोळ्यांना वळण लागलेलं. ‘मृत्यूचे ठिकाण’ बरोबर होतं, ‘मृत्यूचे कारण’ बरोबर होतं. एकही चूक सापडली नाही. तिच्या हाताखालून गेलेला इतका शुद्ध कागद कित्येक वर्षांत नव्हता.

चारला दहा कमी असताना ती परत टेबलापाशी पोचली. कारकुनानं दाखला पाहिला, शिक्का पाहिला. मग ‘सोबत’च्या रकान्यातली ‘आई’ खोडली, वर आपली बारीक सही केली आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं : ‘वडील – १ प्रत’.

“झालं,” तो म्हणाला. “रविवारी साडेआठ ते दहा आत सोडतील. एकट्याला प्रवेश नाही, सहव्यक्ती विसरू नका.”

रविवारी सकाळी नऊला शेवटच्या थांब्यावर दोघी उतरल्या. आईच्या पायात नवे बूट, गळ्यात शिट्टी. लेकीच्या पाठीवर मेजरांची पिशवी. ती घरी ठेवून यायची तिनं दोनदा खटपट केली होती, पण मेजर निरोप द्यायला थेट बसपर्यंत आले होते. गर्दीचं म्हणाल तर फाटकापाशी त्या दोघी होत्या, एक म्हातारा पहारेकरी होता आणि सावलीत बसलेले बचाव पथकाचे चार जण. पथकापुढं एक कोरं करकरीत स्ट्रेचर होतं. त्याच्या दांड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

पहारेकऱ्यानं परवानगी घेतली, चष्मा लावला, आणि सहव्यक्तीच्या पत्त्यावर त्याचं बोट थांबलं.

“हा तर टोपीवाल्या साहेबांचा पत्ता. तुम्ही कोण त्यांच्या?”

“मुलगी.”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “तुम्ही होय! बघा, इतकी वर्षं दर रविवारी येता, आणि तोंड आज बघतोय. साहेब बरेत ना? दिसले नाहीत बरेच दिवस.”

“मी येते? दर रविवारी?”

“म्हणजे काय!” त्यानं टेबलावरचं जाड रजिस्टर ओढलं आणि मागची पानं उलटली. तारीख, वेळ, नाव, पत्ता, सोबत. इथल्या ‘सोबत’चा अर्थ माणूसच होता. वडिलांचं ताठ, किंचित डावीकडे कललेलं अक्षर. सोबत : मुलगी. पान उलटलं. सोबत : मुलगी. पुढं, त्याच्या पुढं, प्रत्येक रविवारी. सोबत : मुलगी.

“एकट्याला सोडत नाही ना आम्ही,” पहारेकरी सांगत होता. “साहेब म्हणायचे, मुलगी मागून येतेय, तुम्ही लिहून ठेवा, मी हळूहळू पुढं होतो. मी चहाला गेलो की तुम्ही आत जात असाल. माझं कधी लक्षच गेलं नाही. पण साहेब काही खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत.”

मुद्रितशोधकाला एकच चूक पाचशे वेळा सापडली, तर तो काय करतो? बहुतेक जण ती तशीच ठेवतात आणि नियम बदलतात. लेकीनं बोट पानावर ठेवलं आणि उचललं. तिला काहीच करता आलं नाही.

तेवढ्यात आईनं रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. पर्समधून चष्मा काढला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं.

“आणि मी?”

“आई...”

“नाही, मला बघू दे. पन्नास वर्षं या माणसाबरोबर संसार केला मी. त्याचे मोजे शोधले, त्याचं घोरणं ऐकलं. एक रविवार, खोटा का होईना, माझ्या नावावर लिहायला काय झालं होतं?”

“आई, खोटं आहे गं ते. मी आले नव्हते.”

“ते मला माहीत आहे!” आई म्हणाली. “माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?”

पहारेकरी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. आपल्या रजिस्टरात काही कमीजास्त झालं की काय, याची काळजी त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागली. “आज कोणाचं लिहू सोबत?” त्यानं विचारलं.

“काय लिहायचं ते लिहा,” आई म्हणाली आणि फाटकातून आत निघाली. गुडघा, नवे बूट, वय, कशाचीही पर्वा न करता. रागावलेल्या माणसाला चढ लागत नाही.

लेक मागून निघाली, पण पाठीवर मेजर होते. दोरी खांद्यात रुतत होती, बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, स्टुलाचा पाय प्रत्येक पावलाला मानेत टोचत होता. दहा मिनिटांत आई दिसेनाशी झाली. मग लेक थांबली, आणि थांबल्यावर तिला जंगल दिसलं.

झाडं फार मोठी होती. मोठी म्हणजे किती हे सांगायला मापं लागतात, आणि मापं सांगितल्यानं कुणाला काही कळत नाही. एकेका खोडामागं आईचं आख्खं स्वयंपाकघर लपलं असतं. उजेड खाली येता येता जुना झाल्यासारखा वाटत होता. पायाखालचा पाचोळा इतका जाड, की स्वतःच्या चालण्याचा आवाज येत नव्हता. शेजारून कुणी चाललं असतं, तरी कळलं नसतं. वाटेच्या कडेला सिमेंटच्या विटांचे ढीग रचून ठेवले होते, सोमवारची वाट बघत.

आणि मग शिट्टी वाजली. एकदा. दुसऱ्यांदा. जरा थांबून तिसऱ्यांदा, पोटातून.

लेक पिशवीसकट धावली. आई एका आडव्या पडलेल्या प्रचंड खोडावर व्यवस्थित बसली होती.

“काय झालं? पडलीस?”

“पडायला काय झालंय? इथं दोन वाटा फुटतात आणि पाटी कुणी तरी रंगवायला नेलीय. म्हणून वाजवली.”

“मग एकदा वाजवायची ना!”

“एकदा वाजवून समाधान होईना,” आई म्हणाली.

लेक तिच्या शेजारी टेकली. वर कुठं तरी एक पक्षी एकच स्वर पुनःपुन्हा तपासून बघत होता.

“हेच?” आईनं मान वर करून विचारलं. “हे बघायला यायचे?”

“हेच असणार.”

“बरं आहे.” आईच्या तोंडून याहून मोठी स्तुती लेकीनं कधी ऐकली नव्हती. मग आई म्हणाली, “मलाही विचारलं होतं त्यांनी. पहिल्या वर्षी. मी म्हटलं, मला नाही यायचं, झाडं मी खिडकीतून बघते. पुन्हा विचारलं नाही त्यांनी.”

“माझं चुकलंच, आई. मी यायला हवं होतं.”

“तसं नव्हे गं. आत्ता चालता चालता कळलं मला.” आई नव्या बुटाच्या नाडीशी चाळा करत होती. “मी नाही म्हटलं, म्हणून मला लिहिलं नाही. तू हो म्हणायचीस. दर शनिवारी हो. हो म्हणालेल्या माणसाला लिहायचं नाही तर कुणाला लिहायचं? त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. ते खोटं त्यांचं नव्हतं.”

हे आई रागानं बोलली असती तर सोसलं असतं. ती साधं बोलत होती, एखादा हिशेब जुळल्यावर बोलावं तशी. लेकीनं उत्तर शोधलं. इतकी पुस्तकं वाचली होती तिनं. एकाही पुस्तकातलं वाक्य मदतीला आलं नाही.

त्याऐवजी बचाव पथक आलं. चौघंही धापा टाकत, स्ट्रेचर घेऊन, चेहऱ्यावर भरती झाल्यापासून दाबून ठेवलेला उत्साह.

“तीन शिट्ट्या! कोण जखमी?”

“कुणी नाही,” लेक म्हणाली. “चुकून वाजली.”

“तीनदा चुकून?” पथकाचा प्रमुख म्हणाला. “आजी, आडव्या व्हा.”

“मुळीच नाही.”

“आजी, नोंद झालीय. फाटकावर लिहून निघालोय आम्ही. बचाव झाला.”

“मग झाला ना बचाव? आता तुम्ही जा, आम्ही पुढं जातो. अर्धी वाट राहिलीय,” लेक म्हणाली, आणि आपला आवाज विनवणीचा झालाय हे तिला ऐकू आलं. “उद्यापासून बंद होतेय. मला फक्त एकदा...”

“बचाव झालेल्या माणसाला पुढं जाता येत नाही, ताई. परतच जावं लागतं. नियमच तो.”

“कुठं लिहिलाय?”

“लिहिलेला नाही. पण बचाव केलेलं माणूस पुढं गेलं, तर आम्ही बचाव कशापासून केला?”

लेकीनं पुढच्या वाटेकडे पाहिलं. वाट एका खोडाला वळसा घालून दिसेनाशी होत होती. त्या वळणापर्यंत तरी, असं ती म्हणणार होती, पण आई उठून उभी राहिली होती आणि तिचा गुडघा आता खरोखरच दुखत होता. राग उतरला की गुडघा चढतो. लेकीनं तिचा दंड धरला. आईनं सोडवून घेतला नाही.

स्ट्रेचर रिकामं नेलं तर खोटा इशारा म्हणून अहवाल लिहावा लागतो, असं प्रमुखानं हळूच सांगितलं. शेवटी तडजोड झाली. मेजरांची पिशवी स्ट्रेचरवर ठेवली, पट्ट्यांनी बांधली, वरून ते प्लास्टिकचं कापड पांघरलं, आणि चौघांनी ती जपून, पावलं जुळवत उचलून नेली. मागून दोघी. समोरून कुणी आलं असतं, तर बाजूला होऊन उभं राहिलं असतं. लेकीला हसू आलं. मग ते हसू नव्हतं. आईनं वळून पाहिलं नाही, फक्त चाल थोडी हळू केली.

बसथांब्यावर बाकावर टेकल्यावर आईनं बुटांच्या नाड्या सैल केल्या.

“त्यांचं कपाट आवरायचंय,” ती म्हणाली. “माझ्या एकटीच्यानं होत नाही. पुढच्या रविवारी येशील?”

लेकीचं तोंड आपोआप उघडलं. ‘नक्की’मधला ‘न’ बाहेरही पडला. तिनं तो तिथंच धरला आणि त्याला काना दिला.

“ना... नाही. रविवारी मला जमणार नाही, आई. भूगोलाची मुद्रितं सोमवारी द्यायचीत.”

आईनं सैल केलेल्या नाड्या पुन्हा बांधायला घेतल्या.

“मंगळवारी येते,” लेक म्हणाली. “संध्याकाळी सहाला.”

दुरून बस दिसू लागली. आईनं पर्स उचलली, एका हातानं बाक आणि दुसऱ्यानं लेकीचा खांदा धरून ती उठली.

“साडेसहापर्यंत वाट बघीन,” ती म्हणाली. “मग माझी मी सुरू करीन.”